वाचक विचारतात : इराणचे टोळीप्रमुख आणि इंग्रजांचा शब्द

गेल्या अंकात पहिल्या महायुद्धात हिंदी फौजा कुठे कुठे लढल्या याबद्दल लिहिलं होतं. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका यांच्या जोडीला दक्षिण इराणचा उल्लेख एका ओळीत येऊन गेला. त्या एका ओळीवर नाशिक, सिन्नर, देवळाली, येवला इथून इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच द्यायचं ठरवलं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : इराण पहिल्या महायुद्धात तटस्थ होता असं पुस्तकात आहे. मग इंग्रज तिथे लढत कुणाशी होते? आणि सरकार सोडून टोळ्यांच्या प्रमुखांशी त्यांचे व्यवहार का? (एक विद्यार्थिनी, सिन्नर)

पुस्तकात आहे ते बरोबर आहे. १ नोव्हेंबर १९१४ रोजी इराणने तटस्थता जाहीर केली. पण इराणचा राजा अहमद शाह कोवळ्या वयाचा, तिजोरी रिकामी, आणि १९०७ सालीच रशिया आणि इंग्लंड यांनी इराणमधली प्रभावक्षेत्रं आपापसात वाटून घेतलेली. उत्तर रशियाला, आग्नेय कोपरा इंग्लंडला, मधला पट्टा मोकळा. इराणला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मार्च १९१५ मध्ये गुप्त बोलणी होऊन तो मधला पट्टाही इंग्लंडच्या वाट्याला आला.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. मे १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागलं. तिथून नळ टाकून ते अबादानला आणलं, तिथे शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. इंग्लंडचं आरमार कोळशावरून तेलावर येत होतं, म्हणून १९१४ मध्ये खुद्द लंडनच्या सरकारने त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर विकत घेतले. नकाशा समोर ठेवून बघा. विहिरी बख्तियारी टोळीच्या डोंगरात, नळ अरब टोळ्यांच्या मुलखातून गेलेला, कारखाना अबादानजवळच्या मोहम्मऱ्याचा अरब टोळीप्रमुख शेख खझल याच्या जमिनीवर. यातल्या एकाही ठिकाणी तेहरानच्या हुकमाला किंमत नव्हती. कंपनीने ते आधीच ओळखलं होतं. १९०५ मध्ये बख्तियारी खानांशी करार झाला : तीन टक्के शेअर, वर राखणीसाठी सालीना रक्कम. तेहरानने तो करार मानला नाही, तरी तो चालू राहिला. १९०९ मध्ये शेख खझलशी झाला : जमिनीचं दहा वर्षांचं भाडं आगाऊ आणि दहा हजार पौंडांचं कर्ज. युद्ध सुरू झालं तेव्हा इंग्रजांचे टोळीप्रमुखांशी हिशेब चालू होऊन कित्येक वर्षं लोटली होती. युद्धाने त्या हिशेबात बंदुका आणल्या, एवढंच.

फेब्रुवारी १९१५ मध्ये अहवाझजवळच्या टोळ्यांनी तो नळ तोडला. जूनपर्यंत तेल बंद. तुर्कस्तानच्या सुलतानाने जिहाद पुकारला होता आणि जर्मन हस्तक सोनं घेऊन गावोगाव फिरत होते. त्या चार महिन्यांचा धसका इंग्रजांनी पुढे कायम ठेवला. तिथून त्यांची रीत ठरून गेली. जो पगार घेईल त्याला पगार द्यायचा. जो घेणार नाही त्याच्याच घरातला भाऊबंद शोधायचा आणि त्याच्या डोक्यावर पागोटं ठेवायचं. दोन्ही जमलं नाही तर किनाऱ्यावर तोफेची बोट आणायची.

तिसऱ्या प्रकाराचं उदाहरण म्हणजे तंगिस्तान. बुशेहर बंदराच्या दक्षिणेला खजुरांच्या बागांचा हा किनारपट्टीचा तुकडा. दिलवार गावचा रईस अली दिलवारी हा तिथला तरुण सरदार. १२ जुलै १९१५ रोजी त्याच्या माणसांनी बुशेहरच्या बाहेर इंग्रजांच्या गस्तीवर हल्ला केला, त्यात दोन इंग्रज अधिकारी मारले गेले. ८ ऑगस्टला इंग्रजांनी तटस्थ देशाचं ते बंदर ताब्यात घेतलं, आणि लगेच दिलवारवर आरमार पाठवून गाव उद्ध्वस्त केलं, खजुराची झाडं तोडली. खजुराचं झाड फळाला यायला वर्षं जातात. माणसं पळून जाऊन परत येतात, झाडं येत नाहीत. म्हणून ती शिक्षा पुढच्या पिढीलाही झाली. रईस अली सप्टेंबरमध्ये पडला. त्याच्याच गोटातल्या माणसाने पाठीमागून गोळी घातली, असं तिकडे आजही सांगतात. त्याच्या घराचं आता संग्रहालय केलेलं आहे.

या ताब्याचा एक पुरावा मी भिंगाखाली पाहिला आहे. माझ्या ओळखीच्या एका तिकीटसंग्राहकांकडे इराणचं टपाल तिकीट आहे. मधोमध कोवळ्या अहमद शाहचा चेहरा, आणि त्याच्यावर काळ्या शाईत तीन ओळींत इंग्रजी छापलेलं : बुशायर, अंडर ब्रिटिश, ऑक्युपेशन. शाई शाहच्या चेहऱ्यावरूनच गेलेली आहे. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९१५ अशी जेमतेम दोन महिने ही तिकिटं चालली, आणि बाजारात त्यांच्या नकला फार आहेत, म्हणून ते अस्सल आहे की नाही यावर मी बोलत नाही. पण राजा तटस्थ, देश तटस्थ, आणि राजाच्या तोंडावर दुसऱ्याचा शिक्का, हे वर्गात समजावून सांगायला मला पूर्ण तास लागायचा. त्या तिकिटाला एक क्षण पुरतो.

प्रश्न : शिराजचा कशकाई सरदार सौलत-उद्-दौला याला काही ठिकाणी स्वातंत्र्यवीर म्हटलंय, काही ठिकाणी लुटारू. तुमचं मत काय? (एक निवृत्त बँक कर्मचारी, गंगापूर रोड)

माझं मत सांगायच्या आधी तो कुठे उभा होता ते सांगतो.

कशकाई हा तुर्की बोलणारा, मेंढ्या पाळणारा फार मोठा समूह. हिवाळ्यात आखाताच्या बाजूच्या उबदार मुलखात, उन्हाळ्यात शिराजच्या उत्तरेच्या थंड डोंगरात. आपल्याकडे पावसाळा सरला की धनगरांचे वाडे कोकणाच्या वाटेला लागतात, तसा हा फिरता संसार, पण लाखाच्या घरातला आणि खांद्यावर बंदूक घेतलेला. त्यांचा प्रमुख तो इलखानी. बुशेहरहून शिराजला जाणारा व्यापाराचा रस्ता एकामागून एक कठीण घाट चढत जातो. त्या घाटांवर टोळ्यांचे लोक राहदारी घेत. व्यापाऱ्याला ती लूट वाटे, इलखानीला तो हक्क वाटे. लुटारू हा शिक्का इथून आला.

कशकाईंना तोल म्हणून शाहच्या दरबाराने १८६० च्या दशकात पाच लहान टोळ्यांची मोट बांधली. तीच खमसे. तिच्यावर नेमला शिराजचा एक धनाढ्य व्यापारी, कवाम-उल्-मुल्क (ही त्या घराण्यात बापाकडून मुलाकडे चालत आलेली पदवी). तो टोळीतला नव्हता, शहरातला होता. इंग्रजांना हे जोडपं आयतं मिळालं. नोव्हेंबर १९१५ मध्ये शिराजमध्ये जर्मनांच्या बाजूच्या जांदार्मेरीने, म्हणजे स्वीडिश अधिकाऱ्यांनी घडवलेल्या पोलीसदलाने, इंग्रज वकील, म्हणजे सरकारचा तिथला प्रतिनिधी, फ्रेडरिक ओकॉनर आणि तिथल्या सगळ्या इंग्रजांना धरलं. बायकांना बुशेहरला सोडलं, पुरुषांना तंगिस्तानात अहरमच्या गढीत नेऊन ठेवलं. ऑगस्ट १९१६ मध्ये त्यांची सुटका झाली, आणि त्यासाठी इंग्रजांना आपल्या ताब्यातले तंगिस्तानी सोडावे लागले. ज्यांना कागदोपत्री दरोडेखोर म्हणत होते, त्यांच्याशी बरोबरीने बसून बोलावं लागलं. कवाम पळून इंग्रजांकडे आला. त्यांनी त्याला बंदुका आणि पैसा दिला आणि परत पाठवला. वाटेत शिकारीत घोड्यावरून पडून तो गेला, मग त्याच्या मुलाने शिराज घेतलं.

मार्च १९१६ मध्ये पर्सी साइक्स हा अधिकारी मूठभर लोकांसह बंदर अब्बासला उतरला. त्याने इराणी माणसं भरती करून साउथ पर्शिया रायफल्स नावाची फौज उभारली. पुढे ती सुमारे आठ हजारांवर गेली. खर्चात हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीचाही वाटा होता. म्हणजे आपल्या शेतसाऱ्याचा पैसा शिराजच्या रस्त्यावर खर्च होत होता. हे आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

मे १९१७ मध्ये साइक्स आणि सौलत यांचा समझोता झाला. सौलतने रस्ता शांत ठेवायचा, इंग्रजांनी त्याचं इलखानीपद मानायचं. वर्षभर तो टिकला. मोडला का? कारणं एकावर एक चढलेली होती. दुष्काळ पडला होता आणि फौजेच्या खरेदीने धान्य आणखी महाग झालं. तेहरानमध्ये नवं मंत्रिमंडळ आलं, त्याने साउथ पर्शिया रायफल्स ही परकी फौज आहे असं जाहीर केलं. मग सौलतला बंडाचा दोष कसा लावणार? त्याच्या देशाचं सरकारच त्या फौजेला परकी म्हणत होतं. शेवटची ठिणगी मात्र लहानशी होती. शिराजच्या पश्चिमेला खान-ए-झेनियान नावाच्या ठाण्यावर कशकाईंपैकी दरेशूरी शाखेची काही माणसं चोरीच्या आळावरून धरली, त्यावरून बंदुका निघाल्या.

मे १९१८ मध्ये सौलत उघड युद्धात उतरला. बुशेहर-शिराज रस्त्यावरच्या काझेरूनचा सरदार नासिर दीवान त्याला येऊन मिळाला. खान-ए-झेनियानच्या ठाण्यातल्या इराणी शिपायांनी बंड करून आपला इंग्रज कप्तान आणि सार्जंट यांना मारलं. शिराजला वेढा पडला. आत जी पलटण लढत होती ती बहुतेक हिंदी शिपायांची, ऐन उन्हाळ्यात.

आणि मग सौलतचा पराभव झाला तो मुख्यतः घरात. फार्सचा, म्हणजे शिराजच्या प्रांताचा, सुभेदार फरमान फरमा इंग्रजांच्या बाजूचा. त्याने सौलतला इलखानीपदावरून काढलं आणि त्याचा सावत्र भाऊ सरदार एहतेशाम याला नेमलं. आणखी एक भाऊ तिकडे गेला. नवा कवाम, म्हणजे आधीच्याचा मुलगा, आपले खमसे घेऊन आला. जुलैअखेर सौलतची माणसं पांगली. शरद ऋतूत फिरोजाबादकडे पुन्हा मार बसला आणि त्याच वेळी इन्फ्लुएंझाची साथ आली. शिराजमध्ये आणि कशकाईंच्या तंबूंत माणसं पटापट गेली.

आता मत. सौलत आपल्या राहदारीसाठी, आपल्या गादीसाठी लढला यात शंका नाही. त्याने इंग्रजांशी करार केला, त्यांच्याविरुद्धही लढला, दोन्हींत आपला फायदा पाहिला. पण परकी फौज आपल्या रस्त्यावर ठाणी बांधते आणि आपल्या माणसांना कोंडते, हे त्याला सहन झालं नाही, हेही तितकंच खरं. मी त्याला वीर म्हणेन. निर्मळ वीर इतिहासात फार थोडे सापडतात, आणि सापडले तर बहुधा आपण त्यांच्याबद्दल पुरेसं वाचलेलं नसतं.

प्रश्न : पणजोबांच्या ट्रंकेत एक चांदीचं पदक मिळालं. फीत जांभळी, मध्ये हिरवा पट्टा. वर धातूच्या पट्टीवर इंग्रजीत एस. पर्शिया असं आहे. हे काय आहे? साफ कसं करू? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : साफ करू नका. चिंच नको, पितांबरी नको, टूथपेस्ट तर नकोच. चांदीवरचा काळपटपणा पदकाचं काही बिघडवत नाही, घासल्याने मात्र कडेवरची अक्षरं झिजतात, आणि तुमच्यासाठी तीच अक्षरं सगळ्यात मोलाची आहेत.

हे जनरल सर्व्हिस मेडल. पुढच्या बाजूला राजा पंचम जॉर्जचा चेहरा, मागे पंखांची विजयदेवता. पदकाची गोल कड तिरक्या उजेडात फिरवत पाहा. तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटणीचं संक्षिप्त नाव ठोकलेलं असतं. पलटण कळली की पणजोबा कुठे होते ते बऱ्यापैकी सांगता येईल. ते वाचून मला पुन्हा लिहा, अक्षरं कळली नाहीत तर फोटो पाठवा.

आता पट्टीबद्दल. एस. पर्शिया म्हणजे दक्षिण इराण. ही पट्टी ज्या मोहिमेसाठी मिळाली तिची मुदत १२ नोव्हेंबर १९१८ ला सुरू होते. तारीख नीट पाहा. ११ नोव्हेंबरला युरोपात युद्ध थांबलं. लंडनमध्ये लोक रस्त्यावर नाचत होते, आणि दुसऱ्याच दिवसापासून तुमच्या पणजोबांच्या पट्टीचं युद्ध मोजायला सुरुवात झाली. १९१९ च्या जूनपर्यंत ते चाललं. बुशेहरहून काझेरूनपर्यंतचा रस्ता टोळ्यांच्या हातून काढून घेणं हे तिथलं काम. त्यासाठी घाटांत रस्ते फोडले, बुशेहरहून बोराजजानपर्यंत हलकी रेल्वे टाकली. लढाईपेक्षा कुदळ-फावड्याचं काम जास्त, आणि ते करणारे हात बहुतेक हिंदी. त्या काळात इराणमध्ये मेलेल्या साम्राज्याच्या सैनिकांची नावं तेहरानच्या गोल्हक भागातल्या युद्धस्मशानात कोरलेली आहेत. साडेतीन हजारांहून जास्त नावं आहेत, आणि त्यांत हिंदी नावांचा भरणा आहे. तुमचे पणजोबा परत आले, ट्रंक घेऊन आले, हे त्या मानाने भाग्याचं.

पदक विकायला कुणी गळ घालेल. विकू नका. विकणारच असाल तर आधी कडेवरची नोंद लिहून ठेवा.

प्रश्न : वासमूस नावाच्या जर्मन हेरामुळे अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, हे खरं का? (एक वाचक, येवला)

विल्हेल्म वासमूस हा आधी बुशेहरला जर्मन वकील होता. फार्सी उत्तम बोलायचा, टोळ्यांच्या वेषात फिरायचा, तंगिस्तानच्या सरदारांत त्याचं मोठं वजन होतं. १९१५ च्या मार्चमध्ये बेहबहानजवळ तो इंग्रजांच्या बाजूच्या लोकांच्या हातून निसटला, पण त्याचं सामान मागे राहिलं. त्या सामानात जर्मन सांकेतिक लिपीचं पुस्तक होतं आणि त्यावरून पुढे झिमरमानची तार (मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध साथीला घेऊ पाहणारी जर्मन मंत्र्याची गुप्त तार, जी उघड झाल्यावर अमेरिका चिडली) उलगडली, अशी कथा फार लोकप्रिय आहे. इतिहासकार ती जशीच्या तशी मान्य करत नाहीत. तार उलगडण्यामागे इंग्रजांच्या आरमारी खात्यातल्या लोकांची अनेक महिन्यांची मेहनत होती. मला वासमूसच्या बाबतीत दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जर्मनी जिंकणार आणि पैसे देणार असं वचन त्याने टोळ्यांना दिलं होतं. युद्धानंतर तो परत तिथे गेला, जमीन घेऊन शेतीच्या उत्पन्नातून देणं फेडायचा प्रयत्न केला, त्यात बुडाला आणि १९३१ मध्ये बर्लिनला वारला. एका हरलेल्या सरकारचा शब्द त्याने स्वतःच्या खिशातून पाळायला घेतला. त्याच्या राजकारणाशी मला काही घेणं नाही, पण या माणसाबद्दल आदर वाटतो.

प्रश्न : आमच्या भागातल्या भागोजी नाईकांच्या बंडाचा आणि इराणचा काही संबंध जोडता येतो का? (एक शिक्षक, नांदूर शिंगोटे)

सर, येतो. तुमच्या गावातून हा प्रश्न आला याचा आनंद वाटला.

जेम्स आउट्रम हे नाव खानदेशातल्या वाचकांना माहीत असेल. १८२५ मध्ये त्याने भिल्लांचीच भरती करून भिल्ल कोअर उभारली आणि भिल्लांनाच भिल्लांच्या बंदोबस्ताला लावलं. तोच आउट्रम १८५७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्याची फौज घेऊन बुशेहरला होता. अफगाणिस्तानातल्या हेरात शहरावरून इंग्लंड आणि इराण यांची लढाई जुंपली होती. त्याच्या आधी, डिसेंबर १८५६ मध्ये, बुशेहरजवळच्या रेशहरच्या जुन्या गढीत इंग्रजांना कडवा विरोध झाला तो तंगिस्तान्यांचा. म्हणजे रईस अलीच्या आधी जवळपास साठ वर्षं त्याच किनाऱ्यावर तेच लोक मुंबईहून आलेल्या शिपायांशी लढत होते. ८ फेब्रुवारी १८५७ ला खुशाबची लढाई झाली, मार्चमध्ये तह झाला, फौज परतली आणि इथे येऊन थेट उठावाच्या आगीत पडली.

त्याच साली ४ ऑक्टोबरला तुमच्या गावाजवळ भागोजी नाईकांच्या भिल्लांनी पोलीस अधिकारी हेन्री याला मारलं. भागोजी नाईक आधी सरकारच्याच पोलिसांत होते. शिक्षा भोगून आल्यावर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला आणि ते गाव सोडून डोंगरात गेले, असं नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरात नोंदलेलं आहे. इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध काय केलं? नटॉल नावाच्या अधिकाऱ्याने महादेव कोळ्यांची पलटण उभारली. त्याच डोंगरातली, त्याच वाटा जाणणारी माणसं. १८५९ च्या नोव्हेंबरात सिन्नर तालुक्यात मिठसागरजवळ भागोजी नाईक लढताना पडले.

खानदेशात भिल्ल कोअर, आपल्या डोंगरात कोळी पलटण, शिराजला कवामचे खमसे. एकाच कारभाराच्या हाताखाली शिकलेली ही रीत आहे. इराणच्या आखातातला इंग्रज कारभार हिंदुस्थान सरकारच्या हाताखाली चालायचा, अधिकारी इथूनच जायचे. शिराजला धरलेला ओकॉनर आधी तिबेटच्या मोहिमेत होता. वर्गात हे शिकवाल तेव्हा मुलांना दोन्ही नकाशे शेजारी शेजारी दाखवा.

प्रश्न : ज्यांनी इंग्रजांना साथ दिली त्या सरदारांचं पुढे भलं झालं का? (बरीच पत्रं)

नाही. आणि या सगळ्या विषयात मला जे सांगायचं आहे ते इथे आहे.

शेख खझल घ्या. त्याला १९१० मध्ये सर ही पदवी मिळाली. नोव्हेंबर १९१४ मध्ये, बसरा घ्यायला इंग्रजांना त्याची गरज होती तेव्हा, त्याला लेखी हमी मिळाली : इराणात कसलंही सरकार येवो, तुमच्या हक्कांवर अतिक्रमण झालं तर आम्ही तुमच्या पाठीशी राहू. हमीत एक अट होती. शेखने आणि त्याच्या वारसांनी इराणी सरकारशी आपलं कर्तव्य पाळलं पाहिजे. खझलने युद्धभर इंग्रजांना एकदाही दगा दिला नाही.

१९२१ मध्ये तेहरानमध्ये लष्करी अधिकारी रझा खान, पुढचा रझा शाह, पुढे आला. साउथ पर्शिया रायफल्स त्याच वर्षी मोडली. इंग्रजांना आता टोळ्यांच्या प्रमुखांपेक्षा तेहरानमधला एकच बळकट माणूस सोयीचा वाटू लागला. १९२४ मध्ये खझलने रझा खानविरुद्ध डोकं वर काढलं आणि हमीचा कागद पुढे केला. इंग्रज वकील पर्सी लोरेन याने मध्यस्थी केली, पण ती शेखने नमतं घ्यावं म्हणून. अटीचं वाक्य आता कामाला आलं. एप्रिल १९२५ मध्ये रझा खानच्या लोकांनी खझलला त्याच्याच बोटीवर धरून तेहरानला नेलं. तिथे तो नजरकैदेत राहिला आणि १९३६ मध्ये मारला गेला. अबादानचा कारखाना त्याच्या जमिनीवर चालूच होता.

बख्तियारींचा सरदार असद रझा शाहचा मंत्री झाला आणि १९३४ मध्ये त्याच्याच तुरुंगात मेला. सौलत-उद्-दौला मजलिसचा, म्हणजे इराणच्या संसदेचा, सभासद झाला, पुढे कैदेत पडला आणि १९३३ मध्ये तिथेच संपला. म्हणजे इंग्रजांशी लढलेला, इंग्रजांना साथ दिलेला आणि दोन्हीकडे पाय ठेवलेला, तिघांचा शेवट एकच. लढाईच्या काळात दिलेल्या शब्दाची मुदत लढाईइतकीच होती. हे इंग्रज अधिकाऱ्यांना त्या वेळीही माहीत होतं असं मला वाटतं. नाहीतर त्या हमीत ती अट कुणी कशाला घातली असती?

प्रश्न : रझा शाहला इंग्रजांनी पकडून मुंबईला आणलं होतं म्हणतात. आणि दुसऱ्या महायुद्धात टोळ्यांनी काय केलं? (एक वाचक, नाशिक रोड)

मुंबईला आणलं, उतरू दिलं नाही. २५ ऑगस्ट १९४१ रोजी इंग्रज आणि रशियन फौजा इराणमध्ये शिरल्या, १६ सप्टेंबरला रझा शाहने गादी सोडली. कुटुंबासह तो बंदर अब्बासहून बांद्रा नावाच्या जहाजाने निघाला. मुंबईसमोर जहाज थांबलं. क्लॅरमॉन्ट स्क्राइन या अधिकाऱ्याने जहाजावर जाऊन सांगितलं की तुम्हाला हिंदुस्थानात उतरता येणार नाही, मॉरिशसला जायचं आहे. शाहने कडक निषेध केला, काही उपयोग झाला नाही. दुसऱ्या जहाजातून मॉरिशस, तिथून जोहान्सबर्ग, आणि २६ जुलै १९४४ रोजी तिथेच मृत्यू.

तो जाताच टोळ्या मोकळ्या झाल्या. पांगलेल्या इराणी सैन्याच्या बंदुका त्यांच्या हाती आल्या. सौलतचा मुलगा नासिर खान तेहरानची नजरकैद सोडून फार्सला पोचला आणि इलखानी झाला. त्याने शुल्त्झे-होल्टुस या जर्मन हेराला आपल्या तंबूत आसरा दिला. बापाचं राज्य त्याला परत हवं होतं, आणि इंग्रजांवर विश्वास ठेवायचं कारण त्याच्या घरात कुणाकडे नव्हतं. इंग्रजांनी इस्फहानचा सेनापती झाहेदी याला डिसेंबर १९४२ मध्ये त्याच्या घरातून उचललं, कारण तो जर्मनांशी आणि टोळ्यांशी संधान बांधतोय असा त्यांचा संशय होता. (हाच झाहेदी पुढे १९५३ मध्ये इंग्रज आणि अमेरिकनांच्या मदतीने पंतप्रधान झाला.) जुलै १९४३ मध्ये कशकाई आणि शेजारची बोयेर अहमदी टोळी यांनी मिळून सेमिरोमचं इराणी सैन्याचं ठाणं उद्ध्वस्त केलं. त्यानंतर तेहराननेही नासिर खानशी जुळवून घेतलं.

सौदा अखेर १९४४ मध्ये झाला. नासिर खानचे दोन भाऊ जर्मनीहून परतताना इंग्रजांच्या हाती सापडले होते. नासिर खानने आपल्याकडचे जर्मन इंग्रजांना दिले आणि भाऊ परत घेतले. या वेळी कागद झाला नाही, हमी मागितली नाही. माणसाच्या बदल्यात माणूस, हातोहात.